वैमानिकाची झोप कोणाच्या हिशेबात?

११ फेब्रुवारी २००९. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिॲटलमध्ये, संध्याकाळचे आठ वाजत आले होते. चोवीस वर्षांची एक सहवैमानिक कामावर जायला निघाली होती. तिचे घर सिॲटलजवळ आणि नोकरी न्यूयॉर्कला लागून असलेल्या नेवार्क विमानतळावर. मधले अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. एका मालवाहू विमानातल्या जादा सीटवर बसून ती आधी मेम्फिसला पोचली. तिथे रात्री उशिरा विमान बदलले आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला उतरली. तिची ड्युटी दुपारी दीडला सुरू होणार होती. नेवार्कमध्ये तिने खोली घेतलेली नव्हती. मधला वेळ तिने विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढला. वैमानिकांनी दोन उड्डाणांच्या मध्ये टेकावे, कागदपत्रे पाहावीत, यासाठी असलेली ही खोली. सोफे होते, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळही होती. त्यात तिला सर्दी झाली होती.

त्या दिवशी, म्हणजे १२ फेब्रुवारीला, ज्या कॅप्टनच्या शेजारी बसून तिला उड्डाण करायचे होते, ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे घर फ्लोरिडात, टॅम्पाजवळ. नेवार्कला त्यांचीही खोली नव्हती. आदली रात्र त्यांनी क्रू रूममध्येच काढली होती. रात्रभर तिथे झोपायला कंपनीची मनाई होती. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी ते कंपनीच्या संगणकावर लॉग-इन झाल्याची नोंद पुढे तपासात सापडली. म्हणजे त्या रात्री त्यांची झोप सलग झालेली नव्हती.

दुपारी जोराचा वारा सुटला. दोघांची पहिली दोन उड्डाणे रद्द झाली. ती बसून राहिली, वाट पाहत राहिली. अखेर रात्री ९ वाजून १८ मिनिटांनी ‘कोल्गन एअर ३४०७’ हे विमान बफेलोच्या दिशेने झेपावले. १० वाजून १७ मिनिटांनी, धावपट्टी काही मैलांवर असताना, ते क्लॅरेन्स सेंटर या उपनगरातल्या एका घरावर कोसळले. विमानातले सगळे ४९ जण आणि घरातला एक माणूस, असे पन्नास जीव गेले.

शेवटचे अर्धे मिनिट

विमान होते बम्बार्डिए कंपनीचे डॅश ८ क्यू ४००, दोन पंख्यांचे टर्बोप्रॉप. यंत्रात बिघाड नव्हता. उतरण्याच्या तयारीत वेग कमी कमी होत गेला आणि ते दोघांच्याही ध्यानात आले नाही. वेग धोक्याच्या पातळीवर आला तेव्हा कॅप्टनच्या हातातली नियंत्रणाची दांडी थरथरू लागली. या सूचनायंत्राला ‘स्टिक शेकर’ म्हणतात. पंख हवेला फार तिरपा झाला की हवा पंखावरून नीट वाहत नाही आणि विमानाला उचलून धरणारे बळ नाहीसे होते. त्याला ‘स्टॉल’ म्हणतात. त्यावरचा उपाय विमान चालवायला शिकणाऱ्याला सुरुवातीच्या धड्यांतच शिकवतात: दांडी पुढे ढकला, नाक खाली करा, वेग वाढू द्या. कॅप्टनने दांडी मागे ओढली. कमी वेगात पंखाची उचल वाढवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, सहवैमानिकेने कोणी न सांगता आत घेतल्या. इशारा मिळाल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत अर्धे मिनिटही गेले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे ‘एनटीएसबी’ने, फेब्रुवारी २०१० मध्ये आपला निष्कर्ष दिला. अपघाताचे कारण: स्टिक शेकरला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद. थकव्याबद्दल मंडळाने असे म्हटले की दोघांच्या कामावर त्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, पण अपघातात त्याचा वाटा किती हे निश्चित सांगता येत नाही. मंडळाच्या अध्यक्ष डेबोरा हर्समन यांना हे पटले नाही. थकवा हे अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवायलाच हवे, असे त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले.

या मतभेदामागे एक खरी अडचण आहे. वैमानिक दारू प्यायला असेल तर रक्तात ती सापडते. झोप न झाल्याची खूण शरीरात कुठेच उरत नाही. माणूस किती वाजता कुठे होता, फोन कधी केला, संगणक कधी उघडला, असे धागे जुळवत तपास करावा लागतो. म्हणूनच विमान अपघातांच्या इतिहासात थकवा बराच काळ संशयितांच्या यादीत राहिला आणि आरोपपत्रात मात्र क्वचितच आला.

विमानावर एक नाव, पगारपत्रकावर दुसरे

त्या रात्रीच्या प्रवाशांनी तिकिटे काढली होती ‘कॉन्टिनेन्टल’ या मोठ्या कंपनीची. विमानावर नाव होते ‘कॉन्टिनेन्टल कनेक्शन’. विमान चालवत होती कोल्गन एअर ही प्रादेशिक कंपनी. अमेरिकेत ही पद्धत सर्रास आहे. मोठ्या कंपन्या मोठ्या शहरांमधले मार्ग स्वतः चालवतात आणि छोट्या गावांना जोडणारी उड्डाणे प्रादेशिक कंपन्यांना कंत्राटाने देतात. त्या काळात अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळपास निम्मी अशाच कंपन्या करत होत्या. कंत्राट टिकवायचे तर खर्च कमी ठेवायचा. विमान, इंधन, विमानतळाचे शुल्क यांत फारशी काटछाट होत नाही. कात्री लागते ती माणसांच्या पगाराला.

अपघातानंतरच्या सुनावणीत त्या सहवैमानिकेची वार्षिक कमाई सोळा हजार डॉलरच्या आसपास असल्याचे समोर आले, तेव्हा अमेरिकी लोक हादरले. कंपनीने नंतर आकडा याहून जास्त असल्याचे सांगितले, पण तोही न्यूयॉर्कच्या परिसरात खोली घेऊन राहण्याजोगा नव्हता. काही काळ तिने कॉफीच्या दुकानातही काम केले होते.

वैमानिकाचा पगार मोजण्याची रीतही समजून घ्यायला हवी. विमान जागचे हलले की पैशांचे घड्याळ सुरू होते आणि पोचून थांबले की बंद होते. विमानाची पाहणी, हवामानाचा अभ्यास, दोन उड्डाणांमधली प्रतीक्षा या वेळेला बहुधा जेवणखाणाच्या छोट्या भत्त्यापलीकडे काही मिळत नसे. लांबच्या पल्ल्याचे विमान चालवणारा एका उड्डाणात आठ-दहा तासांचा मोबदला कमावतो. प्रादेशिक विमानाचा वैमानिक चार-पाच गावे करतो, बारा तास कामावर असतो, आणि त्यातले पैशांचे तास भरतात पाच-सहा.

मग घर कुठे करायचे? जिथे भाडे परवडते, जिथे आई-वडील किंवा जोडीदार आहे तिथे. कंपन्या आपले तळ उघडत, बंद करत, हलवत. दर वेळी बिऱ्हाड उचलणे कोणाला शक्य आहे? नेवार्कच्या तळावर कोल्गनचे १३७ वैमानिक होते. त्यांतले ९३ बाहेरगावाहून ये-जा करत. ४९ जणांचे घर चारशे मैलांहून लांब होते आणि २९ जणांचे हजार मैलांहून लांब.

अशा लोकांसाठी मोठ्या विमानतळांजवळ ‘क्रॅश पॅड’ नावाची व्यवस्था असते. एका घरात दाटीने लावलेल्या बंक खाटा, भाडे वाटून घ्यायचे. मुंबईत कॉट बेसिसवर राहिलेल्या माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. गिरणगावात पाळी बदलली की एकाच्या अंथरुणावर दुसरा येऊन पडायचा; क्रॅश पॅडमध्येही स्वस्तातल्या खाटा तशाच पाळीपाळीने वापरल्या जातात. ज्यांना तेवढेही भाडे जड जाते ते क्रू रूमच्या सोफ्यावर येतात.

कोल्गनच्या कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट ऐकू आली. बरे वाटत नसल्याने आता रजा टाकली, तर बरे होईपर्यंत आपल्याला पदरच्या पैशाने हॉटेलात राहावे लागेल, असे सहवैमानिकेने उड्डाणापूर्वी कॅप्टनला सांगितले होते. घरी असताना आजारी पडली असती तर तिने रजा घेतली असती. इथवर आल्यावर रजेची किंमत तिलाच मोजावी लागणार होती. थकलेला किंवा आजारी वैमानिक उडायला का तयार होतो, याचे उत्तर बेफिकिरीत शोधण्याआधी हा हिशेब मांडून पाहायला हवा.

मेंदूला झोप कशी घेरते

झोपेवर दोन गोष्टींचा ताबा असतो. पहिली, जागरणाचा साठत जाणारा भार. जाग आल्यापासून तो तासागणिक वाढतो आणि झोपल्यावरच उतरतो. दुसरी, शरीराचे घड्याळ. ते सूर्यप्रकाशाशी जुळलेले असते आणि पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान शरीराची सावधता तळाला नेते. या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे माणूस खूप वेळ जागा असेल आणि त्यात पहाट असेल, तर इच्छाशक्तीचे काही चालत नाही.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये या थकव्याला सगळ्यांना कळेल असे माप दिले. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कुवत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. चोवीस तास जागे राहिल्यास ती ०.१० टक्क्यांच्या आसपासची होते. इतक्या मद्यावर अनेक देशांत मोटार चालवणे गुन्हा आहे.

थकलेला मेंदू सगळ्याच गोष्टी सारख्या विसरत नाही. सवयीची कामे हात करत राहतात. आधी जाते ती नजर फिरती ठेवण्याची क्षमता: वेगाचा काटा, उंचीचा काटा, यंत्राची सूचना, पुन्हा वेगाचा काटा. मग अनपेक्षित प्रसंगी योग्य कृती चटकन सुचत नाही. सगळ्यात घातक म्हणजे आपण किती थकलो आहोत हेच कळेनासे होते. डोळे उघडे असतानाही काही सेकंद मेंदू झोपून घेतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ता नसतो.

लांब पल्ल्याच्या वैमानिकाला देशोदेशींच्या वेळा बदलण्याचा त्रास होतो, पण त्याच्या विमानात बदली वैमानिक असतो, झोपायला बंक असतो. ‘नासा’ने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लांबच्या उड्डाणात चाळीस मिनिटांची संधी मिळालेले वैमानिक सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि नंतर स्पष्टपणे अधिक सावध राहिले. पन्नास मिनिटांच्या उड्डाणात अशी डुलकी कुठे घेणार? चढाई संपते न संपते तोच उतरण्याची तयारी. प्रादेशिक वैमानिक दिवसातून पाच-सहा वेळा विमान उडवतो आणि उतरवतो, आणि विमानप्रवासातला सगळ्यात जोखमीचा, सगळ्यात मेहनतीचा काळ नेमका हाच असतो. शिवाय तो जातो छोट्या विमानतळांवर, जिथे धावपट्टी आखूड आणि मार्गदर्शक यंत्रणा बेताची.

१९ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात कर्क्सव्हिलला उतरताना कॉर्पोरेट एअरलाइन्सचे छोटे विमान झाडांवर आदळले. १५ पैकी १३ जण गेले. वैमानिकांचे ते दिवसातले सहावे उड्डाण होते आणि ते चौदा तासांहून अधिक काळ कामावर होते. एनटीएसबीने त्या अहवालात थकव्याचा वाटा नोंदवला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी हवाई बेटांवर होनोलुलूहून हिलोला निघालेल्या विमानाचे दोन्ही वैमानिक भर सकाळी झोपी गेले. विमान हिलो ओलांडून समुद्रावर पुढे गेले. नंतर त्यांना जाग आली आणि ते सुखरूप परतले. पल्ला तासाभराचाही नव्हता. पहाटेच्या ड्युट्यांचा तो सलग तिसरा दिवस होता, आणि कॅप्टनला झोपेत श्वास अडकण्याचा विकार असल्याचे नंतर निदान झाले.

आपल्याकडचा प्रसंग तर विसरता येण्याजोगा नाही. २२ मे २०१० च्या सकाळी सहानंतर दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूच्या टेकडीवरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण मरण पावले, आठ वाचले. एअर मार्शल (निवृत्त) भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आढळला. ते दीड तासाहून अधिक झोपले होते. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू जडच राहतो आणि त्या जड अवस्थेत त्यांनी खूप उंचावरून, खूप वेगात विमान उतरवण्याचा हट्ट सोडला नाही. चौकशीने एक गोष्ट मुद्दाम नोंदवली: उड्डाणापूर्वी कॅप्टनला पुरेसा विश्रांतीचा काळ मिळालेला होता.

विश्रांतीचा काळ मिळाला होता; पण झोप? इथेच खरा पेच आहे. २५ जानेवारी २०२४ रोजी इंडोनेशियात बाटिक एअरचे दोन्ही वैमानिक सुमारे २८ मिनिटे एकाच वेळी झोपले होते. सहवैमानिकाच्या घरी महिन्याभराची जुळी मुले होती आणि रात्री तो बायकोबरोबर उठत होता. रोस्टरवर त्याची विश्रांती भरलेली होती. झोप मात्र झालेली नव्हती.

आठ तासांचा पाढा

कोल्गनच्या अपघातापर्यंत अमेरिकेत नियम असा होता: दोन ड्युट्यांमध्ये नऊ तासांची विश्रांती, आणि पुढच्या विश्रांतीत भरपाई देणार असाल तर ती आठ तासांवर आणता येईल. ऐकायला आठ तास बरे वाटतात. ते कसे खर्च होतात, एक एक करून पाहू.

रात्री दहाला ड्युटी संपली. घड्याळ इथून सुरू. सामान घेऊन बाहेर यायचे, हॉटेलच्या गाडीची वाट पाहायची, पोचायचे, खोलीची किल्ली घ्यायची: पावणेअकरा. छोट्या गावात या वेळी जेवण मिळणे कठीण. बॅगेत असेल ते खायचे, घरी फोन करायचा, अंघोळ करायची: साडेअकरा. दिवसभर सहा वेळा विमान उतरवलेले डोके लगेच शांत होत नाही. डोळा लागेपर्यंत बारा. सकाळी सहाला पुन्हा विमानतळावर हजर व्हायचे तर पाचला उठायला हवे. हाती लागली ती पाच तासांची झोप, तीही अनोळखी पलंगावर, कॉरिडॉरमध्ये कोणी दार आपटले नाही तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच उड्डाणे.

याहून कठीण एक प्रकार होता. रात्री शेवटचे विमान घेऊन छोट्या गावी जायचे, तिथे तीन-चार तास हॉटेलात पाठ टेकायची आणि पहाटे पहिले विमान घेऊन परतायचे. ड्युटी मध्ये संपलीच नाही असे धरले जाई, म्हणून विश्रांतीचा नियमच लागू होत नसे.

पन्नास मृत्यूंनंतर

वैमानिकांच्या कामाच्या तासांचा लढा जुना आहे. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाने महिन्याला ८५ उड्डाणतासांची मर्यादा घातली होती. थकव्याचे विज्ञान पुढे खूप सरकले, नियम मागे राहिले. एनटीएसबी १९९० पासून या सुधारणेसाठी आग्रह धरत होते. विमान वाहतुकीची नियामक संस्था ‘एफएए’ने १९९५ मध्ये नवे नियम प्रस्तावित केले; कंपन्यांनी खर्चाचे कारण देऊन विरोध केला आणि प्रस्ताव चौदा वर्षे पडून राहिला.

तो हलवला ३४०७ च्या प्रवाशांच्या नातेवाइकांनी. आई-वडील, भाऊ-बहिणी, पती-पत्नी बफेलोहून पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला जात राहिले, खासदारांच्या दारात उभे राहिले, समित्यांच्या सुनावण्यांमध्ये आपल्या माणसांची छायाचित्रे घेऊन बसले. १ ऑगस्ट २०१० रोजी विमानसुरक्षेचा नवा कायदा झाला. त्याआधारे थकव्याचे नियम डिसेंबर २०११ मध्ये आले आणि ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले.

या नियमांनी विचाराची दिशा बदलली. ड्युटीपूर्वी किमान दहा तास विश्रांती, आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी मिळालीच पाहिजे. दिवसाची ड्युटी किती लांब, हे ती किती वाजता सुरू होते आणि तिच्यात किती उड्डाणे आहेत यावर ठरते: नऊ ते चौदा तास. पहाटे सुरू होणारी आणि अनेक थांब्यांची ड्युटी लहान. आठवड्यातून सलग तीस तास पूर्ण मोकळे. आपण उड्डाणासाठी तंदुरुस्त आहोत हे वैमानिकाने प्रत्येक वेळी सहीनिशी सांगायचे, आणि तो थकला आहे असे म्हणाला तर कंपनीने त्याला उडू द्यायचे नाही.

उणिवाही राहिल्या. खर्चाच्या कारणावरून मालवाहू विमाने या नियमांतून वगळली गेली. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे बर्मिंगहॅम इथे ‘यूपीएस’चे मालवाहू विमान कोसळून दोन्ही वैमानिक गेले. आपल्याला आणि प्रवासी वैमानिकांना विश्रांतीचे येऊ घातलेले नियम वेगळे का, हा त्या दोघांचा कॉकपिटमधला शेवटच्या रात्रीचा एक विषय होता. घरापासून तळापर्यंतच्या लांबच्या प्रवासालाही नियमाने हात लावला नाही. ती जबाबदारी वैमानिकाच्याच गळ्यात राहिली.

त्याच कायद्यामुळे सहवैमानिकाला किमान १,५०० तासांचा उड्डाणानुभव साधारणपणे बंधनकारक झाला. कोल्गनच्या दोन्ही वैमानिकांकडे त्याहून अधिक तास होते, म्हणून या तरतुदीवर आजही वाद आहे. पण तिचा एक परिणाम दिसला. नवे वैमानिक सहज मिळेनासे झाले, मोठ्या कंपन्यांत निवृत्त्या वाढल्या, आणि प्रादेशिक कंपन्यांना पगार वाढवावे लागले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाला ताशी ९० डॉलर देऊ केले. जो पैसा २००९ मध्ये ‘नव्हता’, तो तेरा वर्षांनी निघाला. त्याची दुसरी बाजूही आहे: वैमानिक अपुरे पडल्याने अनेक छोट्या गावांची उड्डाणे कमी झाली किंवा बंद पडली.

१२ फेब्रुवारी २००९ नंतर अमेरिकी प्रवासी कंपनीच्या विमानाचा मोठा जीवघेणा अपघात व्हायला जवळपास सोळा वर्षे गेली. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनजवळ लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रादेशिक विमान यांची टक्कर होऊन ६७ जण गेले. या सोळा वर्षांचे श्रेय एकट्या विश्रांतीच्या नियमांना देता येणार नाही. प्रशिक्षण सुधारले, यंत्रे सुधारली. पण ताजातवाना माणूस ही त्या सगळ्याखालची जमीन आहे.

कोल्हापूर, नाशिक, नांदेड

एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतले पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले. तेव्हापासून प्रादेशिक विमान आपल्याही सवयीचे झाले आहे. कोल्हापूर, नाशिक, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग या विमानतळांवर उतरणारी छोटी विमाने चालवणारी माणसेही दिवसातून अनेकदा चढ-उतार करतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या ढगांतून वाट काढून विमान उतरवायचे काम त्यांचे आहे.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ‘डीजीसीए’ने, जानेवारी २०२४ मध्ये विश्रांतीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्र म्हणजे मध्यरात्र ते सकाळी सहा. पूर्वी ती पाचलाच संपत असे. रात्रीच्या ड्युटीत विमान उतरवण्याची संख्या सहावरून दोनवर. १ जून २०२४ पासून ते लागू व्हायचे होते. कंपन्यांनी मुदत मागितली, नियम लांबणीवर पडले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अखेर एक भाग १ जुलै २०२५ पासून आणि उरलेला १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला.

पुढे काय झाले ते ताजे आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली. विमानतळांवर लग्नाला निघालेली, परीक्षेला निघालेली, आजारी माणसाला भेटायला निघालेली कुटुंबे जमिनीवर पथारी पसरून बसली. नव्या नियमांना लागतील तेवढे वैमानिक आणि तसे वेळापत्रक तयार नव्हते. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली होती. सरकारने कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. प्रवाशांचे हाल थांबवायला ती द्यावी लागली असेल. पण नियोजनातली कंपनीची चूक पुन्हा एकदा वैमानिकाच्या झोपेतून वळती करून घेतली गेली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. नेवार्कच्या क्रू रूममध्ये झाले होते तेही हेच. भाडे, पगार, वेळापत्रक, यांत कुठेतरी वाचवलेला पैसा शेवटी एका माणसाच्या झोपेच्या खात्यावर टाकला गेला होता.

विमानाच्या इंजिनाची तपासणी चुकवून उड्डाण करा, असे कोणी म्हणणार नाही. वैमानिकाची झोप हाही त्याच तपासणीतला एक रकाना आहे आणि तो भरण्याचा खर्च तिकिटात धरलेला असला पाहिजे. थोडे महाग तिकीट परवडते की नाही, याचा विचार आपण आपल्या घरी बसून करू शकतो. झोप न झालेल्या वैमानिकाची किंमत मात्र आपल्याला आधी विचारून वसूल केली जात नाही.

कधीतरी तुमच्या विमानतळावर घोषणा होईल: वैमानिकांच्या कामाचे तास संपल्यामुळे उड्डाणाला उशीर होत आहे. चिडायचे असेल तर पुरेसे वैमानिक न ठेवणाऱ्या कंपनीवर चिडा, तिला लेखी जाब विचारा, नुकसानभरपाई मागा. काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका, आणि ‘एवढे एक विमान न्यायला काय झाले’ असे त्या वैमानिकाला म्हणू नका. त्या क्षणी नियम तुमच्या बाजूने उभा आहे.